गूळ कमी पडला

मला पारड्यात बसवलं आणि समोरचं पारडं झटक्यात वर गेलं. त्यातल्या गुळावर ठेवलेला नारळ उडाला आणि घरंगळत मांडवाच्या कडेला गेला. लोक हसले. तो पहिला हशा. मी तेव्हा नववीत होते.

मुलुंडच्या एका मोठ्या सोसायटीचा माघी गणपती होता. मांडवात लाकडी तिकाटणं उभं केलेलं, त्याला साखळ्यांचा मोठा काटा टांगलेला. काटा स्टेशनजवळच्या भंगारवाल्याकडून आणला होता. एरवी त्यात पत्रे, गज, रद्दीचे गठ्ठे तोलायचे. त्या दिवशी पारड्यांवर लाल कापड घातलं, साखळ्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि मला बसवलं. भटजी म्हणाले, "मांडी घालून बस." मांडी मावेना. एक गुडघा पारड्याच्या बाहेर. साखळी दंडात रुतत होती. मी हलले की काटा करकरायचा, आणि काटा करकरला की पोरं फिदीफिदी हसायची.

समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवत होते. गूळ वहिनींनी आणलेला. वहिनी म्हणजे ज्यांच्या घरी माझी आई स्वयंपाक करायची त्या. होत्या तेवढ्या ढेपा ठेवून झाल्या. पारडं जागचं हललं नाही. मी खालीच.

"अजून ठेवा," भटजी म्हणाले.

"संपला गूळ."

"संपला?"

मागून एक काका ओरडले, "अहो, गोडाऊन उघडा, गोडाऊन."

फोडायला आणलेले नारळ ठेवले. महाप्रसादाच्या तांदळाचं पोतं ठेवलं. मी जरा उचलले गेले, पुन्हा खाली. मग दोघं जण उठून सोसायटीच्या जिममध्ये गेले आणि लोखंडी चकत्या घेऊन आले. डंबेलला लावतात त्या. एकेक चकती गुळावर ठेवायला लागले. चकती ठेवली की पोरं एका सुरात ओरडायची, "अजून." शेवटी मी वर आले. टाळ्या पडल्या. देवाच्या मांडवात माझ्यासाठी टाळ्या.

वहिनींच्या हातात माईक होता. त्या म्हणाल्या, "चला, आज कळलं, आमच्या घरचं तूप जातं कुठे."

अख्खा मांडव हसला. आई खांबाला टेकून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. निदान मान खाली घालेल.

आई हसत होती. पदर तोंडाला लावून, पण हसत होती.

आता हे सगळं झालं कशासाठी ते सांगते.

मी आठव्या महिन्यात झाले. सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत होते. उंदराच्या पिलाएवढी, असं आत्या सांगते. नर्सने आईला सांगितलं, आशा धरू नका. तेव्हा आईने नवस बोलला, पोर जगू दे, हिला गुळाने तोलीन. मी जगले.

नवस गावी जाऊन फेडायचा होता. आम्ही कणकवलीकडचे. आजोबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कांजूरला खोली घेऊन राहिले. बाबा कुरिअरच्या गाडीवर. दर वर्षी गावी जायचं ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी आजोबांचं आजारपण, कधी गाडीचं काम, कधी बाबांना रजाच नाही. नवस थांबला. मी थांबले नाही. मी वाढत गेले.

कशाने वाढले तेही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही.

वहिनींच्या घरात कायम डाएट चालू असायचा. वहिनी, त्यांचे मिस्टर, आणि केतकी, त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. पण घरात पदार्थ तर रोज यायचे. पाहुणे यायचे, पार्ट्या व्हायच्या, कुणी मिठाईचे बॉक्स आणून द्यायचं. केतकी पिझ्झ्याचा मधला भाग टोकरायची आणि बाकीचा ढकलून द्यायची. वहिनी संध्याकाळी आईला म्हणायच्या, "हे सगळं घेऊन जा गं. घरात राहिलं की आपण खातो. टाकायचं जिवावर येतं." आई डबा भरून आणायची. पनीर, तळलेल्या पुऱ्या, आटवलेली बासुंदी, केकचे कडेचे तुकडे. आमच्याकडे त्या दिवशी भात-आमटी असली तरी भूक डब्याकडे बघायची. आई मला सगळ्यात आधी वाढायची. पेटीतलं पोर तिच्या डोळ्यांपुढून गेलंच नव्हतं. "खा गं माझी बाय. खाऊन घे." मी खायचे. मला आवडायचं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्यांच्या घरी जे नको होतं ते आमच्या घरी येत होतं, आणि आमच्या घरातून ते माझ्या अंगावर येत होतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं. माझ्या आईला तर ते उपकार वाटायचे.

एकदा बोलता बोलता आईने वहिनींना नवसाचं सांगितलं. वहिनींना ते फार आवडलं. "अगं, गावी कशाला? आमच्या माघी गणपतीतच करू या. सगळ्यांना बघायला मिळेल. गूळ माझ्याकडून." आणि मग म्हणाल्या, "केतकीच्याच वयाची ना ती? मग केतकीचं वजन धरून आणते. वर थोडा जास्त."

आईने मान हलवली.

इथेच चुकलं सगळं. मी आईच्या डोळ्यांसमोर होते. शिंप्याने माझा नवा फ्रॉक शिवायला नकार दिला होता, मी बाबांचे शर्ट घालून फिरत होते, तेही आता काखेत तटतटत होते. आईला माहीत होतं केतकीच्या मापाचा गूळ मला पुरायचा नाही. पण "वहिनी, आमची जरा जाड आहे" हे वाक्य तिच्या तोंडातून निघालं नाही. फुकट देणाऱ्याला जास्त दे कसं म्हणायचं. म्हणून ती गप्प बसली, आणि तिच्या त्या गप्प बसण्याची किंमत मी मांडवात मांडी घालून दिली.

त्या दिवशी घरी येताना मी रिक्षात रडत होते. आई बाहेर बघत होती. तशीच बाहेर बघत म्हणाली, "नवस गुळाचा होता. लोखंड घातलं त्यांनी. लोखंड चालत नाही देवाला."

बाबांनी रात्री जेवताना एवढंच विचारलं, "किती कमी पडला?" आणि हसले. आत्या आमच्याच चाळीत राहते. ती दारातूनच म्हणाली, "ल्हान असताना केल्यात असता तर एका ढेपेत भागला असता." मग माझ्याकडे बघून, "हिका कोण पत्करतलो गे?"

मी नववीत होते. मला कोणी पत्करायचं ते तिथे ताटावर ठरत होतं.

मांडवातल्या कुणीतरी मोबाईलवर सगळं शूट केलं होतं. ते कुठून कसं फिरलं देव जाणे, सोमवारी आमच्या वर्गात होतं. मी दारातून आत गेले तर शेवटच्या बाकावरून आवाज आला, "अजून." मग सगळ्यांनी धरला तो. मी बाकावर बसले की "अजून." मी डबा उघडला की "अजून." फळ्याकडे गेले की "अजून." त्यात शिवी नव्हती, म्हणून बाईंकडे तक्रार करता येत नव्हती. मी तक्रार केलीही एकदा. बाई म्हणाल्या, "मग कमी कर ना थोडं. चांगलं सांगतायत ते." आणि हसू दाबलं.

प्रणाली माझी मैत्रीण होती. पहिलीपासून. सहलीला फोटो काढायच्या वेळी ती माझ्या कानाशी आली. "यार, राग नको मानू, तू मागच्या लाईनीत जा ना. माझ्या बाजूला असलीस की लोक मला पण बघतात." मी मागे गेले. तो फोटो अजून आहे. त्यात माझा एक खांदा आहे.

परीक्षा संपली आणि वहिनींनी आईजवळ नवा विषय काढला. मी तेव्हा तिथेच होते, ओट्याजवळ लसूण सोलत. माझ्याबद्दल त्या माझ्या डोक्यावरून बोलत होत्या.

"मी तिच्या भल्यासाठीच म्हणतेय हं. पुढे पाळीचे प्रॉब्लेम होतात, शुगर लागते. जिम तुम्हाला जमणार आहे का? सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव. झाडू-लादी करेल. आपोआप उतरेल. केतकी ट्रेनरला पैसे देते, हिला फुकटात होईल."

आई म्हणाली, "तुमचे उपकार वहिनी."

वहिनींनी लादीवाल्या बाईला सुट्टीपुरतं बंद केलं. त्यांच्याकडे दांड्याचा मॉप होता. मी येणार म्हणून तो माळ्यावर टाकला. "उभ्याने नाही पुसायचं. बसून. पोटावर दाब आला पाहिजे." मी उकिडवी बसून पुसायचे. हॉल, तीन खोल्या, दोन बाल्कन्या. मांड्या घासून सोलवटायच्या. केतकी सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची, म्हणजे मला सोफ्याखाली पुसता यावं. ती वाईट मुलगी नव्हती. ती माझ्याशी बोलायचीच नाही. एकदाच म्हणाली, "तू श्वास जरा हळू घे ना, मला अभ्यास होत नाही."

दुपारी मला एक वाटी दुधीचं पाणी. वहिनी समोर उभ्या राहून प्यायला लावायच्या. आणि संध्याकाळी निघताना, त्याच वहिनी, त्याच हातांनी, आईच्या डब्यात सामोसे भरायच्या. "घेऊन जा गं. घरात राहिलं की आपण खातो."

रविवारी माझं वजन व्हायचं. बाथरूममधला काचेचा वजनकाटा हॉलच्या मधोमध आणून ठेवायच्या. रविवारी वहिनींच्या मैत्रिणी यायच्या नाश्त्याला, त्याच सोसायटीतल्या, मांडवात हसलेल्या. मला चपला काढून काट्यावर उभं करायचं. वहिनी वाकून आकडा बघायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. मैत्रिणी चहा पिता पिता अंदाज करायच्या. एकीचा अंदाज बरोबर आला की ती खूश. आकडा कमी होत नव्हता. एका रविवारी थोडा वाढलाच.

"एवढं काम करून कसं वाढतं?" एक मैत्रीण म्हणाली.

"मला माहितीये कसं वाढतं," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मैत्रिणी बसल्या होत्या. आई आत पोहे करत होती. वहिनींनी हाक मारली, "तुझी पिशवी आण गं जरा."

आई ओले हात पुसत पिशवी घेऊन आली. ती कापडी पिशवी, तिच्यात आमचा स्टीलचा डबा, छत्री, औषधाच्या गोळ्यांची पट्टी. वहिनींनी डबा काढला, झाकण उघडलं आणि मैत्रिणींना दाखवला. आत केक होता. आदल्या दिवशी केतकीचा वाढदिवस झाला होता. केकवर लिहिलेल्या नावातलं एक अक्षर अजून शाबूत होतं.

"बघितलंत?" वहिनी म्हणाल्या.

आई हळूच म्हणाली, "वहिनी, सकाळी तुम्हीच दिलात ना."

"तुला दिला होता. हिला नाही."

कुणी हसलं नाही. हशापेक्षा ते वाईट होतं. सगळ्या जणी आईकडे बघत होत्या, चोर बघावा तशा. आणि आईने, माझ्या आईने, हसायचा प्रयत्न केला. मांडवात हसली होती तसंच. ओठ ताणले. या वेळी जमलं नाही तिला.

"असू दे," वहिनी म्हणाल्या आणि काट्याकडे बोट केलं. "चढ."

मी उभी होते. हातात लादीचं फडकं होतं.

"अगं चढ ना."

"मी चढणार नाही."

"काय म्हणालीस?"

घाम कानामागून उतरत होता. पण शब्द सरळ निघाले. "तुम्ही जाड होऊ नये म्हणून जे जे आम्हाला दिलंत, तेच हे आहे. मी चोरलेलं नाही. तुम्ही दिलेलं आहे. त्याचं वजन आता तुम्ही करायचं नाही."

एकीच्या कपातला चहा बशीत सांडला. केतकीने मोबाईलमधून पहिल्यांदा डोकं वर काढलं.

मी फडकं काट्यावर टाकलं. ओलं होतं. काट्याने त्याचं वजन दाखवलं असेल. मी बघितलं नाही.

वहिनी माझ्याशी बोलल्याच नाहीत. आईला म्हणाल्या, "उद्यापासून दोघींनी येऊ नका. आणि डबा ठेव तो इथेच." आईने डबा ठेवला. आमचा डबा होता तो. आईच्या माहेरचा, तिचं नाव कोरलेला.

कामवाल्यांच्या लिफ्टमध्ये आईने मला मारलं. थोबाडीत. मग पाठीत. मग दोन्ही हातांनी, जिथे लागेल तिथे. "मस्ती आली तुला? सगळ्यात मोठं घर होतं ते माझं. खाऊन खाऊन मस्ती आली." लिफ्ट खाली येईपर्यंत मारत होती. दार उघडलं तेव्हा बाहेर वॉचमन उभा होता. आईने पदर नीट केला आणि त्याला म्हणाली, "येते भाऊ."

मी तिचा मार खाल्ला. पण एक गोष्ट अंगाला लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला चढ म्हणालं आणि मी चढले नव्हते.

घरी बाबा म्हणाले, "आता हिला पोसायचं कुठून?" मी म्हटलं, "आजपासून कुणाच्याही घरातला डबा या घरात आला तर मी जेवणार नाही." बाबा म्हणाले, "बरंच होईल." मी ते बोलणं पाळलं. आईला दुसरी घरं मिळाली, तिथेही वहिन्या होत्या, डबेही येत होते. मी भात-आमटी खायचे आणि उठायचे.

कुणाला वाटेल मग मी बारीक झाले. नाही झाले. हे तशा गोष्टीतलं नाही. मी आज चोवीस वर्षांची आहे आणि आजही जाड आहे. नववीत होते त्याहून जास्त. मधे मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली. आजोबांना सही येत नव्हती, बाबा आठवी नापास. पदवी घ्यायच्या दिवशी भाड्याचे काळे गाऊन वाटत होते, तो देणारा माणूस माझ्याकडे वरून खाली बघून म्हणाला, "एवढा साईज नाय आपल्याकडे." मी गाऊन खांद्यावर टाकला, पुढून उघडा, आणि तशीच स्टेजवर गेले. पदवी गाऊनला देत नाहीत. मागून कुजबूज आली. येऊ दे. माझं नाव माईकवरून पुकारलं गेलं, पूर्ण नाव, आईबाबांच्या नावासकट, आणि या वेळी माईक वहिनींच्या हातात नव्हता.

आता मी पवईत एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. तिथे कुणी "अजून" ओरडत नाही. तिथे शिकलेली माणसं आहेत. ती म्हणतात, "तुझा चेहरा खूप सुंदर आहे." आणि तिथेच थांबतात. कँटीनमध्ये माझ्या ताटाकडे बघून एक जण सॅलडचे फायदे सांगतो. मी त्याला सांगते, "मी विचारलं नाही." तो म्हणतो, "अगं, मी तुझ्या भल्यासाठी." हे वाक्य मी ओळखते. याच वाक्याने माझ्याकडून लादी पुसून घेतली होती.

गेल्या महिन्यात एक स्थळ आलं. मुलाकडची बसली, चहा घेतला, गेली. मग मध्यस्थाचा फोन. मुलाची आई म्हणाली, फोटोवरून अंदाज आला नव्हता. आत्या म्हणाली, "मी सांगितलेलंय."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, कुकरची शिट्टी होत असताना आईने ते काढलं. "नवस अर्धा राहिलाय तुझा. लोखंड घातलं ना त्यांनी. त्यानेच सगळं अडलंय. तुझं अंगही, तुझं लग्नही. आता तू कमावतेस. आपला गूळ आपण आणू, पुरेल एवढा. इथल्याच गणपतीत करू. मी भटजींशी बोललेय."

मी तिला विचारलं. दहा वर्षं पोटात असलेलं. "तू का हसलीस गं तेव्हा?"

तिने गॅस बारीक केला. तेव्हा म्हणजे कधी, ते तिला लगेच कळलं. तिच्याही पोटात होतं म्हणजे.

"सगळी हसत होती. मी नसते हसले तर त्यांना वाटलं असतं, खरंच तूप नेते ही."

एवढंच म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

मला तिचं म्हणणं समजलं. पूर्ण समजलं. तरी मी तिला माफ केलेलं नाही, आणि समजलं की माफ करावंच लागतं असं कुणी म्हणत असेल तर त्याने आधी त्या मांडवात मांडी घालून बसून दाखवावं.

मी आईला सांगितलं. नवस होता पोर जगू दे. पोर जगली. पेटीतून बाहेर आली, वर्गात बसली, मार खाल्ला, पदवी घेतली, तुझ्या समोर उभी आहे. फिटला नवस. गणपतीला गूळ पाहिजे असेल तर मी आणते, हवा तेवढा, चाळीत वाट. पण पारड्यात मी बसणार नाही. तुझ्यासाठी नाही, मुलाच्या आईसाठी नाही, देवासाठीही नाही.

आई म्हणाली, "भटजींना शब्द दिलाय मी. काटा सांगितलाय भंगारवाल्याला."

मी चपला घातल्या, ऑफिसची बॅग घेतली.

येऊ दे काटा. रिकामा परत जाईल.